किण्वापासून कर्करोगाच्या औषधापर्यंत

नागपूरच्या आग्नेयेस कुही हें तालुक्याचें गांव आहे. वैनगंगेच्या कांठीं अंभोऱ्याच्या संगमावर जे यात्रेस गेले असतील, त्यांना हा मुलूख ठाऊक असेल. येथील गर्भवती स्त्रीस आशा कार्यकर्तीकडून रोज एक याप्रमाणें १८० दिवस घ्यावयाच्या गोळ्या मिळतात. अशा प्रत्येक गोळींत ६० मिलिग्रॅम लोह असतें आणि अर्धा मिलिग्रॅम फोलिक आम्ल. लोहाचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें. दुसऱ्या द्रव्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. याच मुलखांतील एखाद्या लेंकराला दुर्दैवानें रक्ताचा कर्करोग झाला आणि त्याला उपचारासाठीं नागपुरास नेलें, तर तेथें दीर्घकाळ द्याव्या लागणाऱ्या औषधांत मेथोट्रेक्सेट हें एक प्रमुख औषध असतें. हें औषध म्हणजे त्या फोलिक आम्लाचा हाडवैरी होय. आईला जें द्रव्य मुद्दाम पुरवावयाचें, तेंच मुलाच्या रोगट पेशींच्या हातीं लागूं द्यावयाचें नाहीं, असा हा उफराटा व्यवहार आहे. गंमत अशी कीं, हीं दोन्ही औषधें एकाच घराण्यांतलीं आहेत; आणि त्या घराण्याचा मूळ पुरुष शोधूं गेल्यास एकीकडे मुंबईचें गिरणगांव लागतें व दुसरीकडे विलायतेंतील मद्याच्या भट्टीच्या तळाशीं सांचलेला गाळ.

१९२८ सालीं, ज्या वर्षीं मुंबईच्या गिरणी कामगारांनीं सहा महिन्यांचा संप केला, त्याच वर्षीं डॉ. ल्युसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. त्यांचें शिक्षण केंब्रिज येथें व लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत झालेलें होतें. बाळंतपणांत इतक्या स्त्रिया कां दगावतात याची चौकशी त्या वेळीं हिंदुस्थानांत चालू होती, आणि त्या चौकशींत पुढाकार घेणाऱ्या डॉ. मार्गारेट बॅल्फर यांच्या सूचनेवरून विल्सबाई या कामास लागल्या. परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यांत असलेली हाफकीन संस्था हें त्यांच्या प्रयोगांचें ठिकाण होतें. प्लेगवरील लशीसाठीं विख्यात झालेल्या या संस्थेंत आतां गरोदर स्त्रियांच्या रक्ताचे थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं येऊं लागले.

रोग विलक्षण होता. गरोदरपणाच्या उत्तरार्धांत बाई पांढरीफटक पडे, तिला धाप लागे, पायांवर सूज येई. रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें अत्यंत कमी झालेल्या असत. पण ज्या उरलेल्या असत त्या नेहमींपेक्षां मोठ्या आढळत. केवळ लोहाच्या अभावानें होणाऱ्या पंडुरोगांत पेशी लहान व फिक्या होतात. येथें प्रकार नेमका उलटा होता. हा रोग उच्चभ्रू वस्तींत क्वचित् दिसे आणि दरिद्री घरांत, विशेषतः पडद्यांत राहणाऱ्या गरीब मुसलमान स्त्रियांत, वारंवार आढळे. तेव्हां एखादा सूक्ष्म जंतु याच्या मुळाशीं असावा काय, कीं ताटांतच कांहीं उणें पडत असावें, असा प्रश्न उभा राहिला.

विल्सबाईंनीं प्रथम जंतूंचा माग काढला. त्यांतून कांहीं निष्पन्न झालें नाहीं. मग तळपदे यांच्या सहकार्यानें त्यांनीं मुंबईंतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. ती १९३० सालीं प्रसिद्ध झाली. एका गोऱ्या डॉक्टरणीस चाळींतल्या चुलीपर्यंत पोंचावयाचें, तर बरोबर येथल्या भाषेचें व रीतीभातीचें माणूस असल्यावांचून गत्यंतर नव्हतें, हें सांगावयास नको. शास्त्राच्या इतिहासांत अशा सहकाऱ्यांच्या वांट्यास बहुधा आडनांवापुरती जागा येते. पाहणींत दिसलें तें असें कीं, रोगी स्त्रियांच्या जेवणांत भाजीपाला, फळें, दूध यांचा मोठा तुटवडा होता.

पुढचें काम निलगिरींतील कुन्नूर येथें झालें. तेथें मॅक्कॅरिसन यांची आहारविषयक संशोधनाची प्रयोगशाळा होती. मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या जेवणासारखें निकृष्ट अन्न उंदरांच्या माद्यांना देऊन पाहिलें, तेव्हां त्यांनाही पंडुरोग झाला. आणि अन्नांत यीस्ट मिसळलें तेव्हां तो टळला. एवढ्यावर विजयाचा डंका पिटला असता तर फसगत झाली असती. कारण पुढें असें कळून आलें कीं, त्या उंदरांना उवांच्या द्वारें एक निराळाच संसर्ग झालेला होता आणि त्यानेंही रक्त आटत होतें. पुरावा असा गढूळ झाल्यावर विल्सबाईंनीं माकडांवर प्रयोग आरंभिले. तसल्याच अन्नावर ठेवलेलें एक माकड मरणाच्या पंथास लागलें असतां त्याला मार्माइट देण्यांत आलें, आणि तें सुधारलें.

हें मार्माइट म्हणजे काय, तें येथें सांगितलें पाहिजे. मद्य तयार करतांना जव आंबविण्यासाठीं जें किण्व, म्हणजे यीस्ट, घालतात, तें भट्टींत वाढून वाढून शेवटीं ढिगानें उरतें. तें फेंकून देण्याऐवजीं आटवून त्याचें काळसर, खारट, चिकट असें एक तोंडीलावणें करण्याचा धंदा १९०२ सालीं इंग्लंडांतील बर्टन या गांवीं सुरू झाला. तेथें मद्याच्या भट्ट्या पुष्कळ होत्या, म्हणून कच्च्या मालाची ददात नव्हती. भाकरीला लावून खावयाचा हा स्वस्त पदार्थ. मद्याचा अंश त्यांत नसतो, मांसाचाही नसतो. त्यामुळें हिंदुस्थानांतील कोणत्याही पंथाच्या बाईस तो देण्यास मोठी अडचण नव्हती.

मुंबईच्या रुग्ण स्त्रियांना मार्माइट देतांच अवघ्या कांहीं दिवसांत त्यांच्या रक्तांत नव्या तांबड्या पेशी दिसूं लागल्या. १९३१ च्या जून महिन्यांत ही हकीकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. पंडुरोगाच्या दुसऱ्या एका घातक प्रकारावर यकृताचा उतारा त्या वेळीं सर्वत्र दिला जात असे. विल्सबाईंच्या रोग्यांवर अशुद्ध उतारा गुण देई, पण तोच शुद्ध केला म्हणजे निरुपयोगी ठरे. याचा अर्थ असा कीं, यीस्टमध्यें व कच्च्या उताऱ्यांत एक निराळेंच द्रव्य होतें आणि शुद्धीकरणांत तें निसटत होतें. त्या अज्ञात द्रव्यास कित्येक वर्षें ‘विल्स घटक’ असें म्हणत असत.

कुन्नूरच्या त्याच प्रयोगशाळेंत पुढें एक मराठी विदुषी येऊन गेल्या. त्यांचा उल्लेख येथें केल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी डॉ. कमला सोहोनी या केंब्रिज येथें १९३९ सालीं डॉक्टरेट मिळवून कुन्नूर येथें जीवनसत्त्वांवर काम करीत होत्या. नंतर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें त्यांनीं नीरेचा अभ्यास केला. ताडाचा किंवा शिंदीचा ताजा रस म्हणजे नीरा; ती कांहीं तासांत आंबते आणि तिची ताडी होते. म्हणून गाडग्यास आंतून चुना लावतात आणि रस पहांटेच्या गारव्यांत उतरवून थंड ठेवतात. आंबण्यापूर्वींची ही नीरा कुपोषित मुलांना व आदिवासी गर्भवती स्त्रियांना पोषक ठरते, असें सोहोनीबाईंच्या संशोधनांतून दिसून आलें, आणि त्यांना राष्ट्रपति पारितोषिक मिळालें. पुढें ग्राहकांच्या चळवळींत पडून अन्नांतील भेसळ कशी ओळखावी हेंही त्या सामान्य माणसास सांगत राहिल्या. ‘आहार-गाथा’ हें त्यांचें मराठी पुस्तक आहे. विल्सबाईंनीं आंबविण्याच्या क्रियेंतून शेष राहिलेला गाळ उपयोगास आणला, तर सोहोनीबाईंनीं आंबण्याच्या आधींचा रस. दोघींच्या डोळ्यांपुढें मात्र तीच अर्धपोटीं गर्भवती स्त्री होती.

आतां ‘विल्स घटक’ शुद्ध करून हातीं घ्यावयाचा, तर तो मोजावयाचा कसा? ज्याचें रूप ठाऊक नाहीं, रंग ठाऊक नाहीं, त्याला तराजूंत कसें घालणार? येथें दुधाचें दहीं करणाऱ्या जंतूंचे भाऊबंद शास्त्रज्ञांच्या मदतीस आले. लॅक्टोबॅसिलस केसिआय हा चीजमध्यें सांपडणारा जंतु. दुधांतील साखर खाऊन आम्ल निर्माण करणें हा त्याचा कुलाचार. परंतु हें विशिष्ट द्रव्य त्याला स्वतःस बनवितां येत नाहीं. बाहेरून मिळालें तरच तो वाढतो. तेव्हां इतर सर्व अन्न भरपूर द्यावें, हें एकच द्रव्य वगळावें, आणि मग ज्या पदार्थाची परीक्षा करावयाची त्याचे दोन थेंब नळींत टाकावे. जितकें द्रव्य, तितकी जंतूंची वाढ; जितकी वाढ, तितका आंबटपणा. आंबटपणा मोजला कीं द्रव्य मोजलें गेलें. घरोघरीं आई विरजण लागलें कीं नाहीं हें चवीवरून पाहते, तीच ही युक्ति. फक्त येथें जिभेच्या जागीं क्षाराचें मोजमाप आलें.

या मापाच्या जोरावर १९४१ सालीं अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनीं चार टन पालक पिळून त्यांतून हें द्रव्य अल्पांशानें मिळविलें, आणि लॅटिन भाषेंत पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याचें नांव फोलिक आम्ल असें ठेविलें. १९४३ मध्यें लेडर्ली या औषधी कंपनींत स्टोकस्टॅड यांनीं त्याचे स्फटिक मिळविले. चार टन पालेभाजी पिळून औषध करणें कोणासच परवडणारें नव्हतें. म्हणून तें रसायनांपासून बनविण्याचा उद्योग लेडर्लींत चालू झाला. त्याचे प्रमुख होते यल्लाप्रगड सुब्बाराव. आंध्रांतील भीमावरम् येथें १८९५ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांच्या घरांत स्प्रू नांवाच्या जीर्ण अतिसारानें बळी घेतलेले होते. आणि त्या रोगांत शरीराला फोलिक आम्लाचाच तुटवडा पडतो. सुब्बारावांच्या हाताखालील रसायनज्ञांनीं १९४५-४६ सालीं फोलिक आम्ल कृत्रिम रीतीनें बनविलें. गर्भिणीच्या पंडुरोगावर स्वस्त, शुद्ध व खात्रीचें औषध मिळालें. कथा येथेंच संपती, तरी ती सांगण्याजोगी होती.

पण न्यूयॉर्कमध्यें दुसराच एक धागा विणला जात होता. माउंट सिनाय रुग्णालयांतील रिचर्ड लेविसॉन हे शल्यवैद्य उंदरांच्या गांठींवर यीस्टच्या अर्काचे प्रयोग करीत होते. (सायट्रेट मिसळून रक्त गोठूं न देण्याची युक्ति रूढ करणारे ते हेच.) लेडर्लीनें सूक्ष्मजीवांच्या किण्वनांतून काढलेलें एक द्रव्य त्यांनीं वापरलें, तेव्हां कांहीं उंदरांच्या गांठी मावळल्या. हें द्रव्य साधें फोलिक आम्ल नव्हे, त्याचा एक जोडभाऊ होता. परंतु त्या काळीं नांवांचा घोटाळा इतका झालेला होता कीं, फोलिक आम्ल कर्करोगास आळा घालतें अशी समजूत पसरली.

या समजुतीवर विसंबून बोस्टन येथील मुलांच्या रुग्णालयांतील विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनीं फोलिक आम्लाचे तसलेच जोडभाऊ कर्करोगाच्या रोग्यांना देऊन पाहिले. त्यांत रक्ताचा कर्करोग झालेलीं मुलेंही होतीं. या रोगांत अस्थिमज्जेमध्यें अपक्व श्वेतपेशींचा सुळसुळाट होतो, आणि त्या काळीं मूल बहुधा कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत जाई. औषध दिल्यावर फार्बर यांना जें दिसलें तें भयंकर होतें: त्या मुलांच्या मज्जेंत रोगट पेशींची वाढ मंदावण्याऐवजीं वेग घेत असल्यासारखी भासली.

औषध उलटलें, असें म्हणून प्रकरण बंद करणें स्वाभाविक होतें. असला अनुभव दडपून टाकणारेही असतातच. फार्बर यांनीं तो छापून टाकला आणि त्यावरून सरळ विचार केला: जें द्रव्य या पेशींना आवडतें, तें त्यांना मिळूं दिलें नाहीं तर? त्या प्रयोगांना आजच्या काळीं ज्या प्रकारची पालकांची संमति व समितीची परवानगी लागते, तशी व्यवस्था त्या काळीं नव्हती, हेंही विसरतां कामा नये. शिवाय तो ‘वेग’ खरोखरीच औषधामुळें होता कीं रोगाचीच तशी गति होती, याविषयीं पुढें शंका घेतल्या गेल्या. निरीक्षण कदाचित् अपुरें असेल. त्यांतून निघालेला प्रश्न मात्र बिनचूक ठरला.

पेशींना फोलिक आम्ल मिळूं द्यावयाचें नाहीं, तर त्याच्यासारखाच दिसणारा एक तोतया आंत घुसवावयाचा. पानिपतानंतर सदाशिवराव भाऊंच्या नांवानें जो तोतया उभा राहिला, त्याला कोंकणांतील कांहीं किल्ल्यांचीं दारें उघडलीं गेलीं, हें महाराष्ट्रास सांगावयास नको. लेडर्लींतील रसायनज्ञांनीं असे अनेक तोतये घडविले. डॉरिस सीगर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बनविलेलें अमायनोप्टेरिन त्यांतलें सर्वांत प्रभावी ठरलें. खऱ्या फोलिक आम्लाशीं ताडून पाहिलें तर अणूंच्या एका लहानशा गटाचा काय तो फरक. पण तेवढ्यानें परिणाम असा होतो कीं, फोलिक आम्लास कामास जुंपणारें जें किण्वद्रव्य पेशींत असतें, त्याला हा तोतया खऱ्या द्रव्यापेक्षां कितीतरी घट्ट मिठी मारून बसतो आणि उठत नाहीं. पेशीला दुभंगून दोन व्हावयाचें तर आपल्या गुणसूत्रांची नक्कल करावी लागते. त्या नकलेसाठीं लागणारें साहित्य फोलिक आम्लावांचून तयार होत नाहीं. साहित्य बंद, म्हणजे नक्कल बंद, म्हणजे वाढ बंद. मुंबईच्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तपेशी मोठ्या व थोड्या कां असत, याचेंही उत्तर हेंच: पेशीचा देह वाढत जाई, पण दुभंगण्याची वेळ टळत राही.

१९४७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें दोन वर्षांच्या एका मुलास अमायनोप्टेरिन टोचण्यांत आलें, आणि कांहीं आठवड्यांत त्याच्या रक्तांतील रोगट पेशी झपाट्यानें कमी झाल्या. ३ जून १९४८ रोजीं फार्बर व सहकारी यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १६ मुलांवर उपचार केलेला होता. त्यांपैकीं १० मुलांत सुधारणा दिसली. ती सुधारणा टिकाऊ नव्हती. तोंडांत व्रण पडत, आणि कांहीं महिन्यांनीं रोग पुन्हां उसळे. तें पहिलें मूलही वांचलें नाहीं. तरी मुलांचा हा कर्करोग रासायनिक औषधानें हटतो, क्षणभर कां होईना हटतो, हें प्रथमच सिद्ध झालें. सुब्बाराव त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें निवर्तले.

अमायनोप्टेरिनच्या जागीं लवकरच त्याचा धाकटा भाऊ मेथोट्रेक्सेट आला. हें औषध रोगट पेशीबरोबर तोंडाच्या, आंतड्याच्या व मज्जेच्या चांगल्या पेशींसही उपाशी ठेवतें. तेव्हां त्याला उतारा हवा होता. तोही आंबविण्याच्याच विद्येंतून आला. १९४८ सालीं सॉबरलिक व बाउमन यांनीं असें दाखविलें कीं, त्या काळीं ल्युकोनोस्टॉक कुळांत गणल्या जाणाऱ्या एका जंतूला वाढीसाठीं एक विशिष्ट द्रव्य लागतें. इडलीचें पीठ रात्रभर ठेवलें असतां जे जंतु त्याला फुगवितात, त्यांत याच कुळांतील जंतु प्रमुख असतात. तें द्रव्य फोलिक आम्लाचेंच एक रूप निघालें, आणि तोतयानें अडविलेल्या दाराला बगल देऊन तें पेशींत आपलें काम करूं शकतें. त्याच्यापासून ल्युकोव्होरिन हें औषध झालें. मेथोट्रेक्सेटची मोठी मात्रा दिल्यावर तें ठराविक वेळीं देऊन चांगल्या पेशी वांचवितात.

विल्सबाईंनीं जेथें काम केलें त्याच परळमध्यें, हाफकीन संस्थेच्या शेजारींच, २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखालीं १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभें राहिलें. त्यांच्या शिष्या, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनीं तेथें शरीराबाहेर पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा स्थापिली आणि रक्ताच्या कर्करोगासह अनेक कर्करोगांचा उंदरांत अभ्यास केला. १९८२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. परंतु प्रयोगशाळा असणें निराळें आणि वॉर्डांतलें मूल वांचणें निराळें. १९८० च्या सुमारापर्यंत आपल्याकडे या रोगाच्या मुलांपैकीं जेमतेम पांचांतलें एक जगे. त्यानंतर टाटा रुग्णालयांतील डॉ. सुरेश अडवाणी व अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंतील डॉ. इयान मॅग्रा यांनीं येथील परिस्थितीस झेपेल अशी एक उपचारपद्धति ठरविली. मुंबई, दिल्ली व चेन्नई अशा तीन ठिकाणीं ती वापरण्यांत आली, आणि चार वर्षांनंतरही रोगमुक्त असलेल्यांचें प्रमाण ठिकाणपरत्वें शेंकडा ४५ ते ६० पर्यंत गेलें. पुष्कळ औषधांच्या या पद्धतींत मेथोट्रेक्सेट पाठीच्या कण्यांतूनही दिलें जातें; कारण रोगट पेशी मेंदूभोंवतालच्या पाण्यांत दडून बसतात आणि तेथें तोंडावाटे दिलेली गोळी पुरी पोंचत नाहीं.

पाश्चात्य देशांतील आंकड्यांशीं तुलना केली तर हें यश अपुरें होतें. याचीं कारणें अनेक. रुग्णालयास उशिरा येणें, पैशाच्या अभावीं उपचार अर्ध्यावर सोडणें, जंतुसंसर्ग. शेवटच्या कारणापायीं पुष्कळ रुग्णालयें उपचार चालू असलेल्या मुलाच्या घरच्यांना उघड्यावरचें, शिळें किंवा बेताल आंबलेलें अन्न देऊं नये असें बजावतात. निरोगी माणसास निरुपद्रवी असलेला दह्याचा जंतुदेखील, श्वेतपेशी अगदीं घटलेल्या असतांना, क्वचित् रक्तांत शिरल्याचीं उदाहरणें आहेत. फार कडक पथ्यानें खात्रीचा लाभ होतो असा पुरावा मात्र मिळालेला नाहीं. म्हणून आईनें शेजारणींचें ऐकून मुलाचें दूधदहीं तोडूं नये, आणि आपल्या मनानें शक्तीच्या गोळ्याही देऊं नयेत. कारण त्यांत बहुधा फोलिक आम्ल असतें.

याहून नाजूक एक प्रश्न उरतो, आणि तो विशेषतः आपल्या देशाचा आहे. अर्धपोटीं वाढलेल्या मुलाच्या शरीरांत फोलिक आम्लाचा सांठा आधींच तुटपुंजा असतो. अशा मुलास त्या द्रव्याचा वैरी असलेलें औषध दिलें, तर तें भरल्या घरच्या मुलापेक्षां अधिक बाधतें. तोंड सोलून निघतें, मज्जा लवकर कोरडी पडते. सांठा भरून काढावा तर औषध बोथट होण्याची भीति, आणि न काढावा तर मूल औषध सोसणार नाहीं. म्हणून प्रत्येक खेपेस रक्त तपासून, पेशींची संख्या पाहून, मात्रा थोडी वाढवीत व थोडी उतरवीत डॉक्टरांस चालावें लागतें. मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या ताटांत विल्सबाईंनीं जी उणीव पाहिली, तीच अशी कर्करोगाच्या वॉर्डांत मुलांच्या केसपेपरावर पुन्हां भेटते.